मॉलीच्या खिडकीमागची बाई

दूरचित्रवाणीवरील कौटुंबिक विनोदी मालिकांचा इतिहास सांगताना बहुतेक लेखक 'आय लव्ह लुसी'पासून आरंभ करतात. ती मालिका ऑक्टोबर १९५१ मध्ये अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवर सोमवारी रात्री सुरू झाली आणि तिचे भाग आजही कुठे ना कुठे दाखवले जातात. परंतु त्याच वाहिनीवर, त्याच सोमवारच्या रात्री, तिच्याही पावणेतीन वर्षे आधी दुसरे एक कुटुंब प्रेक्षकांच्या घरी येऊ लागले होते. न्यू यॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील एका इमारतीच्या खिडकीतून एक स्थूल, हसतमुख, पन्नाशीला टेकलेली गृहिणी बाहेर वाकत असे आणि प्रेक्षकांशी अशा सहजतेने बोलू लागत असे, की जणू तेही समोरच्याच खिडकीत उभे आहेत. मालिकेचे नाव 'द गोल्डबर्ग्स' आणि गृहिणीचे नाव मॉली गोल्डबर्ग. मॉलीची भूमिका करणारी, तिच्या तोंडचा प्रत्येक शब्द लिहिणारी, नट निवडणारी आणि मालिकेची मालकी स्वतःकडे राखणारी व्यक्ती एकच होती. त्या म्हणजे गर्ट्रूड बर्ग.

जानेवारी १९५१ मध्ये बर्ग यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा एमी पुरस्कार मिळाला. अभिनेत्रीसाठीचा तो पुरस्कार त्या वर्षी प्रथमच दिला गेला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांची मालिका सीबीएसवरून नाहीशी झाली. प्रेक्षक दुरावले म्हणून ती गेली नव्हती. ती का गेली, हे समजण्यासाठी या बाईंनी वीस वर्षे नभोवाणीवर काय उभे केले होते ते आधी पाहावे लागते.

त्यांचे मूळ नाव टिली एडेलस्टाइन. जन्म ३ ऑक्टोबर १८९९ रोजी न्यू यॉर्कमधील हार्लेम भागात, पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू घराण्यात झाला. वडील जेकब हे नाना उद्योग करून पाहणारे गृहस्थ. त्यांनी शहराच्या उत्तरेस कॅट्सकिल डोंगरात, फ्लाइशमन्स नावाच्या गावी उन्हाळी पाहुण्यांसाठी निवासगृह चालवले. पावसाची झड लागली की पाहुणे कंटाळत, आणि कंटाळलेला पाहुणा बिल चुकवून शहराकडे परत निघण्याचा धोका असे. त्यांना रमवण्यासाठी ही पोरगी छोटी प्रहसने लिहू लागली आणि पाहुण्यांच्याच मुलांना घेऊन ती बसवू लागली. त्यांतल्या एका प्रहसनात संसाराला कातावलेली एक प्रौढ बाई होती. ती पुढे निवळत, मवाळ होत मॉली झाली असे म्हणता येईल. लिहिणे, पात्रे वाटणे, तालीम घेणे आणि धंदा सांभाळणे या चारही गोष्टी टिली एकाच व्हरांड्यात शिकली.

त्या घरावर एक सावली होती. टिलीचा थोरला भाऊ लहानपणीच आजाराने गेला आणि त्या आघातातून आई डायना पुढे कधीच पुरती सावरली नाही. तिचे मन उत्तरोत्तर ढासळत गेले. जगाने पुढे जिला आदर्श माता म्हणून डोक्यावर घेतले, त्या मॉलीची कर्ती अशा आईजवळ वाढलेली होती. या दुःखाविषयी बर्गबाईंनी जाहीरपणे बोलणे टाळले.

१९१८ मध्ये रसायन अभियंता लुइस बर्ग यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पतीच्या नोकरीमुळे काही काळ लुइझियानातील एका साखर कारखान्याच्या परिसरात गेला. तो कारखाना आगीत जळाला आणि कुटुंब न्यू यॉर्कला परतले. चेर्नी आणि हॅरिएट ही दोन मुले झाली. घर सांभाळून काहीतरी लिहावे, ते कुणाला तरी दाखवावे, असे चालू असतानाच त्यांची दृष्टी नव्याने फोफावणाऱ्या नभोवाणीकडे वळली. दुकानात काम करणाऱ्या दोन मुलींवरची त्यांची पहिली मालिका एकाच प्रक्षेपणानंतर बंद पडली. दुसऱ्या प्रयत्नात त्यांनी आपल्या ओळखीचे जग घेतले: ज्यू स्थलांतरितांचे घर, कपड्यांच्या धंद्यात जम बसवू पाहणारा नवरा जेक, दोन मुले रोझली आणि सॅमी, आणि घरातच राहणारे वृद्ध डेव्हिडकाका. संहिता त्यांनी मुद्दाम न लागणाऱ्या अक्षरात नेली, म्हणजे अधिकाऱ्याला ती वाचून दाखवण्याचे काम आपल्याकडेच येईल, अशी आख्यायिका सांगतात. बाईंचा स्वभाव पाहता ती खोटी वाटत नाही. वाचन ऐकताच मॉलीची भूमिकाही त्यांनीच करावी असे ठरले.

'द राइज ऑफ द गोल्डबर्ग्स' एनबीसीवर २० नोव्हेंबर १९२९ रोजी सुरू झाली. न्यू यॉर्कचा शेअर बाजार कोसळून तेव्हा महिनाही झाला नव्हता. बर्ग यांना आठवड्याला ७५ डॉलर मिळत आणि नटांचे पैसे त्यांनी त्यातूनच द्यायचे होते. म्हणजे पहिल्या दिवसापासून त्या लेखिका आणि अभिनेत्री तर होत्याच, पण निर्मातीही होत्या, फक्त तो शब्द त्यांच्यासाठी कुणी वापरत नव्हते. मंदीच्या त्या वर्षांत भाडे कसे भरायचे, मुलांचे शिक्षण कसे निभवायचे, शेजाऱ्याचे भांडण कसे मिटवायचे, एवढ्याच विषयांवर पंधरा-पंधरा मिनिटांचे भाग चालत. मध्यंतरी घसा बसल्यामुळे बर्ग यांचा आवाज ऐकू येईनासा झाला, तेव्हा श्रोत्यांच्या पत्रांचा ओघ सुरू झाला आणि कार्यक्रम किती घरांत ऐकला जातो हे वाहिनीला कळले. १९३१ मध्ये पेप्सोडेंट या दंतमंजन कंपनीने प्रायोजकत्व घेतले आणि मालिका जवळजवळ रोजची झाली.

रोज नवा भाग लिहायचा म्हणजे काय, हे रोजचे पान रोज भरणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. भल्या पहाटे उठून त्या हाताने लिहीत, दुपारी तालीम घेत, संध्याकाळी माइकसमोर उभ्या राहत. अशा हजारो संहिता त्यांनी लिहिल्या. तालमीत त्या कठोर होत्या. ध्वनीच्या बाबतीत खोटेपणा त्यांना खपत नसे. मॉली अंडे फोडते असे लिहिले असेल, तर माइकजवळ खरेच अंडे फुटायचे. मुलीचे केस धुण्याचा प्रसंग असेल, तर स्टुडिओत खरे पाणी आणि खरा साबण यायचा. श्रोत्याला दिसत नसले तरी त्याला कळते, ही त्यांची धारणा होती, आणि पुढे कॅमेऱ्यासमोर तीच कामी आली.

मॉलीच्या बोलीविषयी थोडे थांबून बोलले पाहिजे. तिच्या इंग्रजीवर यिद्दिशचे वळण होते. शब्दांची मांडणी उलटीसुलटी व्हायची, म्हणी अर्ध्यावर वळून भलत्याच दिशेला जायच्या. त्या काळी नभोवाणीवर परक्या उच्चारांची टिंगल हा विनोदाचा हमखास माल होता. त्याच पेप्सोडेंट कंपनीच्या 'एमोस अँड अँडी' या अफाट लोकप्रिय कार्यक्रमात तर दोन गोरे नट कृष्णवर्णीयांच्या बोलीची नक्कल करून हशा मिळवत. मॉलीचे हेल ऐकून लोक हसत, पण ती मूर्ख ठरत नसे. घरातली सर्वांत शहाणी व्यक्ती तीच असे. तिची मुले अस्खलित अमेरिकन बोलत आणि आईची भाषा सुधारू पाहत. बेळगाव, इंदूर, बडोदे वा हैदराबाद येथे ज्यांच्या आजीच्या मराठीत कानडी, हिंदी, गुजराती वा तेलुगू मिसळलेली आहे आणि ज्यांनी लहानपणी तिला टोकले आहे, त्यांना या घरातील गंमत आणि तिच्यातली बोच दोन्ही समजावून सांगावी लागणार नाही. खासगी जीवनात मात्र बर्गबाई कोणताही हेल न काढता शहरी इंग्रजी बोलत आणि मॅनहॅटनच्या श्रीमंत पार्क अव्हेन्यूवर राहत. मॉलीचा पत्ता होता १०३८ ईस्ट ट्रेमॉन्ट अव्हेन्यू, ब्रॉन्क्स. दोन पत्त्यांमधले अंतर बाईंना ठाऊक होते. म्हणूनच त्या लोअर ईस्ट साइडच्या बाजारात जाऊन, भाजीवाल्यांशी घासाघीस करणाऱ्या बायकांच्या घोळक्यात उभ्या राहून बोलणे कानात साठवत.

ज्यू सणही या मालिकेत संकोचाविना येत. वल्हांडणाच्या भोजनाचा प्रसंग घरातून व्हावा तसा नभोवाणीवरून होई आणि ऑपेरा गायक जॅन पीअर्स सणाच्या भागांत येऊन गात. एप्रिल १९३९ मधील अशाच एका भागात भोजन चालू असताना बाहेरून दगड येतो आणि खिडकीची काच फुटते. जर्मनीत ज्यूंची दुकाने व प्रार्थनास्थळे फोडली गेली त्याला तेव्हा पाच महिने झाले होते. मॉली मुलांना शांत करते आणि भोजन पुढे चालू राहते. साबण आणि दंतमंजन विकण्यासाठी चालवलेल्या कार्यक्रमात ही गोष्ट आणणे सोपे नव्हते.

ही मालिका १९४५ पर्यंत, मधले खंड धरून, नभोवाणीवर चालली. १९४८ मध्ये बर्ग यांनी याच कुटुंबावर 'मी अँड मॉली' हे नाटक लिहून ब्रॉडवेवर आणले. जेकच्या भूमिकेसाठी त्यांनी निवडले फिलिप लोब यांना. लोब हे मुरलेले रंगनट, दिग्दर्शक आणि नाट्यशिक्षक होते. मार्क्स बंधूंच्या 'रूम सर्व्हिस' या चित्रपटातही त्यांनी काम केले होते. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे ते नटांच्या 'ॲक्टर्स इक्विटी' या संघटनेतील लढाऊ कार्यकर्ते होते. तालमीच्या दिवसांचेही पैसे नटाला मिळाले पाहिजेत, यासाठी ते झगडले होते. तोवर नट आठवडेच्या आठवडे फुकट तालमी करत असत.

नाटकाने बर्ग यांना दाखवून दिले, की मॉली ऐकण्याइतकीच पाहण्याचीही गोष्ट आहे. सीबीएसचे अधिकारी आरंभी राजी नव्हते, तेव्हा त्यांनी थेट वाहिनीचे प्रमुख विल्यम पेली यांना गाठले. जानेवारी १९४९ मध्ये 'द गोल्डबर्ग्स' पडद्यावर आली. नभोवाणीवर संहिता हातात धरून वाचता येते. इथे ती पाठ असावी लागे, आणि प्रक्षेपण थेट असल्याने चूक झाली तरी मागे फिरण्याची सोय नव्हती. तापलेले दिवे, अवजड कॅमेरे, अरुंद स्टुडिओ आणि घड्याळाचा काटा यांच्यामध्ये एकोणपन्नास वर्षांच्या बाई आठवड्याला एक नवे प्रहसन लिहून, बसवून, स्वतः मध्यवर्ती भूमिकेत सादर करत होत्या. दिग्दर्शकाच्या खुर्चीत वॉल्टर हार्ट असत, तथापि तालमीत अखेरचा शब्द कुणाचा असे याविषयी कुणाला शंका नव्हती.

नभोवाणीतून आलेले अनेक विनोदवीर कॅमेऱ्यासमोर गोंधळले, कारण त्यांचा विनोद केवळ आवाजात होता. बर्ग यांनी एक साधी युक्ती केली. त्यांनी कॅमेऱ्याला शेजारीण मानले. भागाच्या आरंभी मॉली खिडकीच्या चौकटीवर कोपर टेकून प्रेक्षकांकडे पाहत बोलू लागे. गप्पांच्या ओघात ती प्रायोजकाच्या सांका कॉफीची स्तुती करी आणि ती करता करताच मागे वळून घरात शिरे. की लगेच कथा सुरू. जाहिरात कुठे संपली आणि संसार कुठे सुरू झाला हे कळत नसे. आपल्याकडील चाळीच्या गॅलरीत उभी राहून अख्ख्या मजल्याशी बोलणारी काकू ज्यांनी पाहिली आहे, त्यांच्या डोळ्यांपुढे हे चित्र चटकन उभे राहील. घराघरांत मॉली पोचली. १९५० मध्ये याच कुटुंबावर पॅरामाउंटने चित्रपटही काढला.

आता त्या कॉफीविषयी. भारतात आकाशवाणी आणि पुढे दूरदर्शन सरकारी राहिल्याने प्रायोजकाची सत्ता म्हणजे काय याची आपल्याला उशिरा ओळख झाली. अमेरिकेत त्या काळी वाहिनी वेळ विकायची आणि प्रायोजक कंपनी ती वेळ घेऊन कार्यक्रम पोसायची. कार्यक्रमात कोण दिसेल यावर तिचा शब्द चालायचा. सांका कॉफी जनरल फूड्स या बलाढ्य कंपनीची होती. मालिका बर्ग यांच्या मालकीची असली, तरी ती घरोघर पोचवणारा दरवाजा त्या कंपनीच्या हातात होता.

२२ जून १९५० रोजी 'रेड चॅनल्स' नावाची पुस्तिका प्रसिद्ध झाली. साम्यवादविरोधी 'काउंटरअटॅक' या पत्रकाच्या चालकांनी ती काढली होती. नभोवाणी व दूरचित्रवाणीतील १५१ व्यक्तींची नावे आणि प्रत्येकापुढे त्याने कोणत्या सभेला पाठिंबा दिला, कोणत्या आवाहनावर सही केली, याची जंत्री. कोणाहीविरुद्ध खटला नव्हता, पुरावा तपासणारे कुणी नव्हते. तीनच दिवसांनी कोरियात युद्ध पेटले आणि वातावरण आणखी तापले. पुस्तिकेत फिलिप लोब यांचे नाव होते. त्यांच्या नावापुढील नोंदींत एक अशीही होती, की बेसबॉलमधील वर्णभेद संपवण्याची मागणी करणाऱ्या समितीला त्यांनी पाठिंबा दिला होता.

ऑगस्टमध्ये जनरल फूड्सने आपल्याच दुसऱ्या एका मालिकेतून, 'द ऑल्ड्रिच फॅमिली'मधून, जीन म्यूर या अभिनेत्रीला याच कारणासाठी काढून टाकले. त्यानंतर लोब यांची पाळी आली. जेक बदला, असे बर्ग यांना सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला. आपण गावोगाव फिरून लोकांना या कंपनीचा माल घेऊ नका असे सांगू, असा इशाराही त्यांनी दिला, असे सांगितले जाते. म्यूर प्रकरणाने आधीच बदनाम झालेल्या कंपनीने तात्पुरती माघार घेतली. लोब त्या हंगामात जेकच्याच भूमिकेत राहिले. ज्या काळात बहुतेक निर्माते एक दूरध्वनी येताच नावे खोडत होते आणि ज्याचे नाव खोडले त्याला कारणही कळत नव्हते, त्या काळात हा नकार मोठा होता. वीस वर्षे मालकी, लेखन आणि भूमिका या तिन्ही गोष्टी स्वतःच्या हाती राखल्या म्हणूनच त्यांना तो देता आला. पगारी अभिनेत्रीला तो परवडला नसता.

परंतु हंगाम संपताच, १९५१ मध्ये, जनरल फूड्सने मालिकाच सोडली आणि सीबीएसनेही ती खाली ठेवली. त्याच शरद ऋतूत सोमवारच्या रात्री लुसीची मालिका सुरू झाली. एमी मिळालेल्या, लाखो प्रेक्षक असलेल्या मालिकेला नवा प्रायोजक मिळेना. एनबीसीने रस दाखवला, पण लोब असेपर्यंत खर्च उचलायला कोणतीही कंपनी पुढे येईना. बर्ग महिनोन्महिने दारे ठोठावत राहिल्या. या काळात मालिकेवर पोट असलेले सुमारे वीस जण बेकार बसले होते. त्यांत नट होते, तंत्रज्ञ होते, कचेरीतील माणसे होती.

अखेर जानेवारी १९५२ मध्ये तडजोड झाली. लोब यांनी ठरावीक रकमेच्या मोबदल्यात भूमिका सोडली. आपण साम्यवादी पक्षाचे सदस्य नाही आणि कधी नव्हतो, असे लोब सांगत आले होते. त्यांच्या शब्दावर आपला विश्वास आहे, मात्र इतरांच्या पोटाचाही विचार करणे भाग आहे, अशा आशयाचे निवेदन बर्ग यांनी केले. फेब्रुवारीत मालिका एनबीसीवर परतली. जेक आता हॅरोल्ड स्टोन होते. मॉलीचा नवरा निराळा का दिसतो, याचे स्पष्टीकरण कुणी दिले नाही.

या तडजोडीबद्दल बर्गबाईंना दोष द्यावा काय, याविषयी आजही दोन मते आहेत. मला स्वतःला असे वाटते, की सव्वा वर्ष त्यांनी जे केले ते त्या व्यवसायातील फारच थोड्यांनी केले, आणि त्याची किंमतही त्यांनी भरली. मालिकेचा ऐन बहर गेला आणि तो परत आला नाही. तरीही लोब एकटे पडले, ही वस्तुस्थिती राहतेच. ज्या माणसाने नटांना तालमीचे पैसे मिळवून दिले, त्याला नट म्हणून काम मिळेना. त्यांचा मुलगा मानसिक आजाराने खासगी रुग्णालयात होता. पैसा आटला तेव्हा त्याला सरकारी रुग्णालयात हलवावे लागले. १ सप्टेंबर १९५५ रोजी न्यू यॉर्कमधील एका हॉटेलात फिलिप लोब यांनी आपले जीवन संपवले. त्यांचे मित्र झीरो मॉस्टेल हेही काळ्या यादीत होते. १९७६ च्या 'द फ्रंट' या चित्रपटात मॉस्टेल यांनी काम मिळेनासे झालेल्या एका विनोदी नटाची भूमिका केली, ती बरीचशी लोब यांच्या आयुष्यावरून घेतलेली आहे.

इथे एक तुलना टाळता येत नाही. १९५३ मध्ये लुसील बॉल यांनीही पूर्वी कधीतरी साम्यवादी पक्षाच्या बाजूने मतदार नोंदणी केल्याचे उघड झाले. त्यांची मालिका तेव्हा देशात सर्वांत लोकप्रिय होती. प्रायोजक सिगारेट कंपनीने त्यांना सोडले नाही आणि वादळ काही दिवसांतच शमले. लुसील बॉल याही नभोवाणीवरील विनोदी मालिकेतूनच पडद्यावर आल्या होत्या. ज्याच्या जाण्याने कंपनीचे नुकसान मोठे, त्याच्याविषयीचा संशय लवकर मिटतो, एवढाच अर्थ यातून निघत असेल तर तो तसाच घ्यावा.

'द गोल्डबर्ग्स' पुढे एनबीसीवरून ड्युमाँट वाहिनीवर गेली. जेकची भूमिका रॉबर्ट हॅरिस यांच्याकडे आली. १९५५-५६ मध्ये मालिका फिल्मवर चित्रित होऊ लागली आणि कुटुंब ब्रॉन्क्स सोडून हेवरव्हिल नावाच्या काल्पनिक उपनगरात राहायला गेले. तिथे समोरासमोर खिडक्या नव्हत्या. घराभोवती हिरवळ आली आणि शेजाऱ्याला हाक मारण्याचे कारणच उरले नाही. मालिका त्याच वर्षी संपली.

बर्ग मात्र संपल्या नव्हत्या. १९५५ मध्ये त्यांच्या नावे मॉलीचे पाकपुस्तकही निघाले. गंमत अशी, की बाईंना मोजूनमापून स्वयंपाक जमत नसे आणि पाककृतींची खरी बाजू मायरा वॉल्डो या सहलेखिकेने सांभाळली. १९५९ मध्ये ब्रॉडवेवर आलेल्या 'अ मेजॉरिटी ऑफ वन' या नाटकात त्यांनी ब्रुकलिनमधील एका ज्यू विधवेची भूमिका केली. जपानविरुद्धच्या युद्धात तिचा मुलगा मारला गेलेला असतो आणि तिची ओळख एका जपानी विधुर गृहस्थाशी होते. जपानी गृहस्थाचे काम सर सेड्रिक हार्डविक या इंग्रज नटाने केले होते, ही त्या काळाची रीत. या भूमिकेसाठी बर्ग यांना टोनी पुरस्कार मिळाला. चित्रपट निघाला तेव्हा भूमिका रोझलिंड रसेल यांना गेली, आणि हा घाव बाईंना लागला नसेल असे म्हणवत नाही. १९६१ मध्ये हार्डविक यांनाच सोबत घेऊन त्यांनी प्रौढ वयात महाविद्यालयात जाणाऱ्या विधवेची नवी मालिका केली. ती एकच हंगाम चालली.

त्याच वर्षी त्यांचे 'मॉली अँड मी' हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. मुलगा चेर्नी त्यांचा सहलेखक होता. आजोबा, वडील, फ्लाइशमन्सचे पाहुणे, पहिल्या संहितेची धडपड हे सारे त्यात खेळकरपणे आले आहे. लवकर गेलेल्या भावाची आणि खचलेल्या आईची गोष्ट त्यात नाही. काळ्या यादीच्या प्रकरणालाही त्यात जवळजवळ जागा नाही. हजारो भागांतून एका घराचे बारीकसारीक बोलणे लिहिणाऱ्या लेखिकेने स्वतःच्या घरातील आणि नाटकघरातील सर्वांत जड गोष्टी लिहिल्या नाहीत. हे मौन अपराधाच्या जाणिवेचे होते, की विनोदी लेखिकेने वाचकाला रडवू नये या जुन्या संस्काराचे, ते ठरवता येणार नाही.

त्यांचे नाव पुसट होण्यामागे आणखी एक साधे कारण आहे. लुसीची मालिका हॉलिवूडमध्ये फिल्मवर चित्रित झाली, म्हणून ती पुन्हा पुन्हा दाखवता आली. मॉलीचे पहिले हंगाम न्यू यॉर्कहून थेट प्रक्षेपित झाले. पडद्यावर उमटणारे चित्रच फिल्म कॅमेऱ्याने टिपून घेण्याची तेव्हाची पद्धत होती. अशा धूसर रिळांवर जे काही भाग वाचले तेवढेच उरले आणि बाकीचे त्या त्या सोमवारच्या रात्रीच हवेत विरून गेले. जे भाग सुस्थितीत राहिले ते बहुतेक १९५५-५६ चे, हेवरव्हिलमधले. त्यांत जेक म्हणून दिसतात ते हॅरिस. लोब यांचा जेक पाहायचा तर ती मोजकी जुनी रिळेच शोधावी लागतात.

१४ सप्टेंबर १९६६ रोजी मॅनहॅटनमधील रुग्णालयात हृदयक्रिया बंद पडून गर्ट्रूड बर्ग यांचे निधन झाले. त्यांचे दफन शहरात झाले नाही. ते झाले फ्लाइशमन्सजवळच्या दफनभूमीत, जिथे पावसाच्या दिवशी पाहुण्यांनी निघून जाऊ नये म्हणून त्यांनी आपले पहिले प्रहसन लिहिले होते.